जरा अंधार आहे

सीताबर्डीच्या फुटपाथवर किलोच्या भावानं
पुस्तकं विकणाऱ्या कय्यूमभाईनं
तराजूत एक इंग्लिश कादंबरी वरून टाकली,
भाजीवर फुकटचा सांबार टाकावा तशी.
आत तिकडच्या कुठल्याशा वाचनालयाचा शिक्का,
शिक्क्यावर दुसरा शिक्का : रद्द.
मागच्या कव्हरवर लिहिलेलं,
हसून हसून खुर्चीवरून पडाल.
मी खबरदारी म्हणून पलंगावर बसले.

साठ पानं झाली. मी पलंगावरच होते.
एक पाद्री, चर्चची एक समिती,
कुणाच्या तरी कुंपणाची उंची,
आणि पावसावर इतकं बोलणं
की तेवढ्या वेळात आमच्या खात्यात
तीन बदल्या होऊन रद्दही झाल्या असत्या.
कुणी शिवी देत नाही,
कुणी पायरीवरून घसरत नाही.
समासात मी पेन्सिलीनं लिहिलं : विनोद?
पुढच्या पानावर : इथे?

आमच्याकडे विनोद सांगून येतो.
आधी मांडीवर थाप, मग "आयक ना बे",
मग सांगणाराच पहिले हसून घेतो
म्हणजे ऐकणाऱ्याला रस्ता कळतो.
हा लेखक मात्र विनोद ठेवून जातो,
शेजारणीनं उसनी वाटी
न बोलता ओट्यावर ठेवून जावी तसा.
आपल्याला संध्याकाळी दिसते.

पान त्र्याऐंशी.
मंगळवारी गेलेल्या नवऱ्याच्या दफनानंतर
बाई केक कापता कापता म्हणते,
"तसाही मंगळवार त्यांना कधी मानवला नाही."
वाचलं. पुढे गेले.
कूलरमध्ये पाणी भरलं.
चौथ्या दिवशी, शेहेचाळीस अंशांत,
लॉ कॉलेज चौकाच्या सिग्नलला
तो मंगळवार मला लागला.
हेल्मेटच्या आत अशी हसले
की बाजूचा ऑटोवाला म्हणाला,
"काय झालं बाई, ऊन लागलं का?"

रात्री यांना सांगितलं.
पोळीचा तुकडा हवेत धरून ऐकलं यांनी.
"मग?"
मग काही नाही, तेच तर.
"पण गेला कशानं तो?"
ते महत्त्वाचं नाही.
"माणूस मेला अन् महत्त्वाचं नाही?"
वरणावर तूप वाढून मी पुन्हा एकदा,
सावकाश, मराठीत सांगून पाहिलं.
मराठीत तो फक्त मेला.

मग मानेवाड्याचा ट्रान्सफॉर्मर जळाला.
चार दिवस. तक्रारीच्या काउंटरवर मी.
काचेवर मुठी, कुणाचं फ्रिजमधलं इन्सुलिन,
माझ्या सात पिढ्यांची चौकशी.
रांगेच्या शेवटी सुखदेव उंदिरवाडे,
डोक्याला ओला दुपट्टा,
एका हातात बिल, दुसऱ्यात संपलेला टॉर्च.
बोला.
"तसं काही नाही मॅडम," ते म्हणाले,
"जरा अंधार आहे."

मी पेन खाली ठेवलं.
किती दिवसांपासून?
"मोजले नाही. दिसत नाही ना."
चेहरा सपाट, पाटीसारखा.
मी हसू गिळलं, ते नाकातून आलं,
खोकल्याचं सोंग करून रजिस्टर ओढलं,
'तक्रारीचे स्वरूप' या रकान्यात
त्यांचेच चार शब्द
एकही न वाढवता लिहिले : तसं काही नाही.
मग खोडून, नीट : जरा अंधार आहे.
त्यांनी बिल घडी करून खिशात ठेवलं.
"हे मात्र टॉर्चनं वाचता आलं," म्हणाले.
"छपाई चांगली असते तुमची."
आणि गेले. मागे वळून पाहिलं नाही,
मी हसते की नाही ते.

लाइनमनला तीनदा फोन केला त्या दिवशी.
एरवी एकदा करते.

रात्री पान एकशे बारा, आणि आमचीच लाइन गेली.
कूलर घरघरत थांबला.
पलंगाच्या त्या टोकावरून हे ओरडले,
"काहून? काय झालं?"
तसं काही नाही, मी म्हटलं, जरा अंधार आहे.
उत्तर आलं नाही.
पुस्तक उशाखाली सरकवलं.
चार दिवस धरून चालले मी,
फार तर पाच.